बाबांच्या यकृतात हायडॅटिडची गाठ निघाली. घरची दोन कुत्री सोडून द्यावीत का?

नका सोडू. तुमची कुत्री तीन वर्षांची आहेत म्हणता. हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका जंताच्या अंड्यांपासून धरणारी पाण्याची गाठ. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, दहा-पंधरा वर्षांनी सोनोग्राफीत सापडली तरी नवल नाही. ती कदाचित या कुत्र्यांच्या आधीची असेल.

मी जनावरांचा डॉक्टर, उभी नोकरी माण-आटपाडीकडे मेंढरांत गेली. त्यामुळे बाबांना गोळ्या द्यायच्या की ऑपरेशन, हे सर्जनवर सोडतो. फक्त पोट चोळून घेणं, कुणा भलत्याकडून सुईने पाणी काढून घेणं असलं काही करू नका. गाठ फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय आतल्या कणांपासून पोटात नव्या गाठी धरतात.

आईंनी मटण बंद केलंय, त्याची गरज नाही. मटणातून हा रोग माणसाला होत नाही. कंदुरीला बोकड कापलं की कधी कधी काळजावर, म्हणजे यकृतावर, लिंबाएवढा पांढरट फुगा दिसतो. सुरी लागली की नितळ पाणी उडतं, जुना असेल तर सुरी करकरते. कापणारा तेवढा तुकडा बाजूला काढतो आणि समोर शेपूट हलवत बसलेल्या कुत्र्याला टाकतो. घोटाळा तिथे होतो. त्या पाण्यातल्या बारीक रेतीसारख्या कणाकणातून कुत्र्याच्या आतड्यात एकेक जंत तयार होतो. जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा, पण असे हजारो. कुत्रं मात्र ठणठणीत दिसतं. साधारण सहा आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात, गवतावर, भाजीवर, त्याच्याच केसांवर. मेंढरू ती गवताबरोबर खातं, आपण न धुतलेल्या हाताने. बाबांकडून तुम्हाला काही होणार नाही, त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवू नका. पण ज्या अंगणात ते वावरले त्यातच तुम्हीही वावरलात, म्हणून घरातल्या सगळ्यांची एकदा सोनोग्राफी करून घ्या.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात या रोगाने कहर केला होता. कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्याच्या तोंडी पडू न देणं आणि कुत्र्यांना जंताचं औषध देणं, या जोरावर त्यांनी तो संपवला. रेक्याविक शहरात तर १९२४ पासून कित्येक दशकं कुत्रं पाळायलाच बंदी होती. मेंढपाळांची कुत्री मात्र राहिली. आपल्या धनगराच्या वाड्यावरून कुत्रं काढा म्हटलं तर लांडग्याला कोण अडवणार?

आता औषधाचं. दुकानात नुसती ‘जंताची गोळी’ मागू नका, बरीच औषधं या जंतावर चालत नाहीत. प्राझिक्वांटेल असलेली मागा आणि वजनाप्रमाणे डोस पशुवैद्याकडून ठरवून घ्या. कुत्र्याला कच्चं काळीज मिळण्याची शक्यता असेल, तर दर सहा आठवड्यांनी द्या. विष्ठा तपासून काही कळेल असं समजू नका, इतर पट्टकृमींची (फितीसारख्या चपट्या जंतांची) अंडीही हुबेहूब अशीच दिसतात. या औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्री बांधून ठेवा, विष्ठा हातमोजे घालून उचला आणि जाळा किंवा खोल पुरा. दोघांनाही एकाच दिवशी द्या.