रंग नंतर द्या, आधी शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा

तुम्ही विचारलंय, "वडील गेल्यावर पुण्यातला जुना फ्लॅट विकायचा आहे. रजिस्ट्रेशनपर्यंत व्यवहार मोडू नये म्हणून आधी रंगकाम आणि किचन करून घ्यावं का?"

रंग नाही म्हणून व्यवहार मोडत नाही. तो मोडतो विसार घेतल्यावर महिना-दीड महिन्याने, गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील कागद तपासायला बसतो तेव्हा. आमच्या घरात हे घडलंय, म्हणून लिहितेय.

कोथरूडचा आमचा फ्लॅट बाबांनी १९८८ साली घेतला. बाबा २०१६ ला गेले, आई २०२० ला. आम्ही तिघं भावंडं. दादा पुण्यात, मी डोंबिवलीत, धाकटा न्यू जर्सीला. २०२२ च्या मार्चमध्ये घर विकायचं ठरलं. मी पहिल्याच फोनवर दादाला म्हटलं, शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, अजून कोणाचं नाव आहे ते सोसायटीत जाऊन बघ आणि विकायच्या आधी एखाद्या वकिलाला कागद दाखव. दादा म्हणाला, "नॉमिनेशन माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझंच झाल्यात जमा. तुमच्या सह्या लागल्या तर तेव्हाच्या तेव्हा घेऊ." आणि त्याने रंगारी बोलावला.

रंग, पुट्टी, नवा ओटा, ट्रॉल्या मिळून दोन लाख ऐंशी हजार गेले. बेडरूमच्या कोपऱ्यात वरच्या बाथरूममधून ओल येत होती, आई असल्यापासून. तिथेही पुट्टी भरून रंग मारला. मी विचारलं, वरच्यांशी बोललास का? तर म्हणे एप्रिलमध्ये कोण बघतंय.

मे महिन्यात एक नोकरदार जोडपं आलं. घर आवडलं, दोन लाख विसार दिला, जुलैअखेर खरेदीखत करायचं ठरलं. मग त्यांच्या बँकेच्या वकिलाचा शेरा आला: सर्टिफिकेटवर मयत सभासदाचं नाव आहे, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सर्व वारस सामील पाहिजेत.

हे एकदा नीट समजून घ्या, कारण शिकलेल्या माणसांचीही इथेच गफलत होते. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा ते नाव. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सरबती देवी प्रकरणात सांगितलं. २०१६ च्या इंद्राणी वाही प्रकरणात सहकारी सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर चढवले पाहिजेत असं म्हटलं, पण त्याच निकालात इतर वारसांना आपला हक्क मागण्याची वाट मोकळी ठेवली. दादा मला या दुसऱ्या निकालाचं अर्धंच वाक्य ऐकवत असे.

त्या शेऱ्यानंतर रात्री दहाला दादाचा फोन आला. "उद्या पुण्याला ये, हक्कसोडपत्रावर सही करायची आहे." विनंती नव्हती, निरोप होता. मी नाही म्हटलं. मग वहिनी फोनवर आल्या, माहेर तुटेल म्हणाल्या. मला पैसे हवे होते का? हो, हवे होते. आईच्या शेवटच्या आजारपणात कल्याणहून गाडी पकडून महिन्यातून दोनदा मी येत होते, पण त्याचा हिशोब मी कधी मांडला नाही आणि इथे मांडायचं कारणही नाही. बाबा मृत्युपत्र न करता गेले. त्यांच्या कमाईच्या घरात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, आणि तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. "मुलींना हक्क २००५ ला मिळाला" असं जे म्हणतात ते वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल. बाबांचा फ्लॅट स्वकष्टार्जित होता. लग्न झालं म्हणून हिस्सा कमी होत नाही. हक्कसोडपत्र ही राजीखुशीने देण्याची गोष्ट आहे. रजिस्ट्रेशनची तारीख दाखवून ती मागायची नसते.

धाकट्याचा प्रश्न तर कोणाच्या ध्यानातच नव्हता. तो येऊ शकत नव्हता, म्हणून त्याच्या वतीने इथे कोणी सही करावी यासाठी कुलमुखत्यारपत्र हवं होतं. ते न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायचं आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. शिवाय तो अनिवासी. निवासी विकणाऱ्याच्या बाबतीत पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने किमतीतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापून सरकारला भरला की झालं. अनिवासीच्या हिश्शावर दर कितीतरी जास्त होता आणि त्यासाठी खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढायला लागणार होता. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मिळतो, पण त्याला आठवडे जातात. हे जुलैमध्ये कळल्यावर ते जोडपं घाबरलं. त्यात सुताराला माप द्यायला म्हणून ते एका शनिवारी आले. पाऊस धरला होता. बेडरूमच्या कोपऱ्यात नव्या रंगाला पोपडे सुटून मागची काळी ओल दिसत होती. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, नवऱ्याकडे बघितलं. सोमवारी विसार परत मागितला. आम्ही पूर्ण दिला, चूक आमची होती.

मग सगळं पहिल्यापासून केलं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तिघांची प्रतिज्ञापत्रं केली, सोसायटीला हमीपत्र दिलं. सर्टिफिकेटवर तिघांची नावं चढली. धाकट्याचं मुखत्यारपत्र आणि कमी कपातीच्या दाखल्यासाठी लागणारे त्याचे कागद नवं गिऱ्हाईक येण्याआधीच फायलीत लागले. वरच्या कुटुंबाशी मी स्वतः जाऊन बोलले, त्यांनी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. २०२३ च्या फेब्रुवारीत खरेदीखत झालं, विकणारे म्हणून तिघांच्या सह्या. किंमत पहिल्यापेक्षा चार लाखांनी कमी आली. दादा आजही म्हणतो की रंगामुळेच गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या खरेदीदाराने ट्रॉल्यांसकट सगळं किचन उखडून टाकलं, हे मी त्याला अनेकदा सांगितलंय.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं सांगायचं तर ओल असेल तर ती थांबवा, नळ गळत असतील तर बदला, घर रिकामं आणि स्वच्छ ठेवा. एवढं पुरे. किचन अजिबात करू नका, घेणारा आपल्या मनासारखं करतो. गच्चीतून ओल येत असेल तर तो खर्च सोसायटीचा, तसा लेखी अर्ज द्या. बाल्कनी आत घेतली असेल तर पहिल्या भेटीतच सांगा.

घरावर पूर्वी कर्ज होतं का? फिटलं असेल तर मूळ करारनामा बँकेतून परत आलाय ना ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यावे लागतात, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. आणि सोसायटीने "डोनेशन" मागितलं तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. वारसांच्या नावावर करताना तर तेही लागत नाही.

मी वकील नाही. हे सगळं महाराष्ट्रातल्या सोसायटीच्या फ्लॅटचं आणि हिंदू कुटुंबाचं आहे. मृत्युपत्र असेल तर चित्र वेगळं, बंगला किंवा सातबाऱ्याची जमीन असेल तर आणखी वेगळं. करांचे दर आमच्या वेळचे धरू नका, सीएला विचारा.

तुम्ही "आमचा फ्लॅट" लिहिलंय, भावंडं किती ते लिहिलेलं नाही. बहीण असेल तर रंगाऱ्याच्या आधी तिला फोन करा, आणि सही मागायला नको, तिला काय हवंय ते विचारायला करा.