आठ मेंढ्या आणल्या अन् सगळं खांड खाजवू लागलं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, दीड महिन्यापूर्वी आमच्या घरच्यांनी आटपाडीच्या शनिवारच्या बाजारातून आठ मेंढ्या आणल्या. दात बघितले, कास बघितली, अंगावर एक डाग नव्हता. त्याच रात्री आमच्या साठ मेंढरांबरोबर वाघरीत (जाळीच्या कुंपणात) घातल्या. आता जुन्या मेंढ्या बाभळीला अंग घासतात, दातांनी लोकर उपटतात. दोघींच्या खांद्यावर खपल्या धरल्यात. जळकं ऑइल लावलं, फरक नाही. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चराईला बाहेर पडायचं आहे. काय करू? (एक मेंढपाळ भगिनी, ता. आटपाडी)

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून ही मेंढ्यांची खरूज वाटते. खात्रीसाठी दवाखान्यात सांगून खपलीच्या कडेचं, ओलसर जागेचं खरवडण तपासून घ्या. मधली वाळकी खपली देऊ नका. किडे कडेला असतात, मध्ये सापडत नाहीत. तपासायचं कारण असं, की उवा झाल्या तरी मेंढी अशीच खाजवते, आणि दोन्हींचा उपचार एकच नसतो.

तुम्ही दात पाहिलेत, कास पाहिलीत, म्हणजे नीटच बघून जनावर घेतलंत. पण या खरजेचा किडा डोळ्याला जेमतेम दिसतो, आणि अंड्यापासून अंड्यापर्यंतचं त्याचं चक्र साधारण दोन आठवड्यांत पुरं होतं. चार-दोन किडे अंगावर आले तर पहिले काही आठवडे मेंढी खाजवतही नाही. ज्या मेंढीची लोकर गळालेली आहे ती बाजारात कोणी घेत नाही, आणि विकणाराही ती सहसा आणत नाही. रोग घरी येतो तो चांगल्या दिसणाऱ्या मेंढीबरोबर. म्हणून नुसतं बघून घेण्यावर मी भरवसा ठेवत नाही.

आता उपचार. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन डॉक्टरांकडून कातडीखाली टोचून घ्या. एक टक्क्याचं औषध असेल तर पंचवीस किलोच्या मेंढीला अर्धा मिली. सात दिवसांनी दुसरा डोस. दुसऱ्या डोसाला सुट्टी देऊ नका, कारण औषध अंडी मारत नाही आणि एका टोचणीने सगळे किडे मरतील याची खात्री नाही. वजन अंदाजाने धरू नका, दोन-चार मेंढ्या काट्यावर घाला. कमी डोस दिला की उरलेले किडे औषधाला निर्ढावतात. टोचलेलं जनावर खाटकाला द्यायचं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस जाऊ द्या. जळकं ऑइल बंद करा. त्याने कातडी भाजते, आणि लोकरीखाली पसरलेले किडे तसेच राहतात. गुरांच्या पाठीवर ओतायचं औषधही यावर चालत नाही.

आणि टोचायच्या सगळ्या. नर, गाभण, पाटी (तरुण माद्या), ज्यांना काही झालेलं नाही त्याही. लहान कोकरांचा डोस डॉक्टरांना विचारा. हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माण तालुक्यातल्या एका वाड्यावर (मेंढपाळांच्या तळावर) मी साठांपैकी फक्त खपल्या धरलेल्या पंधरा मेंढ्या टोचल्या. औषध वाचवायचा विचार होता. सहा आठवड्यांनी परत गेलो तेव्हा सगळं खांड घासत होतं, आणि त्या घरच्या म्हातारीने मला काही न बोलता ओंजळभर उपटलेली लोकर दाखवली. चूक माझी होती. ती लोकर अजून डोळ्यांपुढे येते.

तुमची वाघर तेवढी विसरू नका. जाळीच्या गाठींत लोकर अडकते आणि त्या लोकरीत किडा मेंढीशिवायही सोळा-सतरा दिवस तग धरू शकतो. जाळी झटकून लोकर जाळा, जाळी धुऊन कडक उन्हात वाळवा. टोचल्यावर मेंढरं जुन्या बसकणीवर बसवू नका, जागा बदला. कातरणीच्या कात्र्याही धुवा. दोन्ही डोस झाल्याशिवाय वाडा हलवू नका. वाटेवर दुसऱ्यांची मेंढरं भेटतात, पाणवठा एकच असतो.

पुढच्या खरेदीला नवीन जनावर तीन-चार आठवडे वेगळं ठेवा, आणि त्याच काळात दोन्ही डोस उरका. बाजारात नेऊन भाव न पटल्याने माघारी आणलेली मेंढीही नवीनच समजा. ती दिवसभर परक्या मेंढ्यांना अंग लावून उभी होती आणि दुसऱ्याच्या पिकअपमधून आली. दोन दावणी कुठून आणायच्या, हा प्रश्न मला ठाऊक आहे. शेजारच्या वाड्याशी बोला, आळीपाळीने एकमेकांची नवी जनावरं सांभाळता येतात.

प्रश्न : आमच्या गावच्या आठवडी बाजारात आम्ही काय करू शकतो? (बाजार समितीचे एक सदस्य, जि. सातारा)

उत्तर : तुमचा बाजार सात दिवसांनी भरतो. गार, सावलीच्या जागी लोकरीत राहिलेला किडा तोवर जिवंत असू शकतो. म्हणून बाजार उठल्यावर खुंट्या, कठडे, जनावरं गाडीत चढवायचा उतार इथली लोकर गोळा करून जाळा आणि ती जागा धुऊन काढा. एवढ्या कामाला एक माणूस पुरतो. वाहनांची फळी धुवायला पाण्याची सोय करा. दारात लोकर बाजूला सारून खांदा आणि पाठ बघणारा जाणता माणूस बसवा, संशयित जनावराला वेगळा कोपरा द्या. हाकलून दिलंत तर जनावराचा मालक दुसऱ्या दाराने येईल किंवा पुढच्या बाजारात जाईल, म्हणून त्याला तिथेच उपचार कुठे मिळेल ते सांगा. दारावरची ही पाहणी लपलेला रोग पकडणार नाही, हे घेणाऱ्यांना फलकावर स्पष्ट लिहा.

ढिलाई किती महाग पडते ते ब्रिटनकडे पाहावं. तिथे १९५२ साली ही खरूज संपवली होती. १९७३ मध्ये ती परत शिरली. मग सगळ्या मेंढ्या औषधी पाण्यात बुडवायची सक्ती आली. ती १९९२ मध्ये उठवली आणि खरूज आजही तिथल्या खांडांत आहे. अलीकडे तिथे औषधाला न जुमानणारे किडेही सापडले आहेत.

प्रश्न : खरजेच्या मेंढीला हात लावला तर आम्हाला होते का? (एक विद्यार्थी, ता. जत)

उत्तर : लोकरीतली, पाठीवर-खांद्यावर होणारी खरूज माणसाला होत नाही. तोंडावर आणि कानावर होणारी खरूज वेगळ्या किड्याची असते, शेळ्यांत ती जास्त. तिने हाताला काही दिवस खाज येऊ शकते. तेव्हा कुठे खपली धरली आहे ते आधी बघा, आणि टोचताना बाह्या खाली घेऊन हात साबणाने धुवा.