'ड्रॅग कलाकार', 'पाहुणे' आणि 'योग्य': एका वाक्याच्या मराठीकरणाविषयी

वादविवादाचे विषय इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने 'ड्रॅग परफॉर्मर हे प्राथमिक शाळांसाठी योग्य पाहुणे आहेत का?' असे वाक्य तयार केले आहे. त्यातल्या 'ड्रॅग परफॉर्मर'साठी 'स्त्रीपार्टी' चालेल, 'बहुरूपी' चालेल, की सरळ 'तृतीयपंथी' म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते या वाक्याची खरी अडचण त्या नामात नसून 'योग्य' या निरुपद्रवी दिसणाऱ्या विशेषणात आहे. परंतु जे विचारले आहे, त्याचा विचार आधी केला पाहिजे.

'तृतीयपंथी' हा पर्याय सर्वांत आधी बाजूला ठेवावा. 'तृतीयपंथी' किंवा 'पारलिंगी' हे शब्द माणसाच्या लिंगभावाविषयी, म्हणजे तो स्वतःला कोण समजतो याविषयी, काही सांगतात. 'ड्रॅग' हा शब्द मात्र रंगमंचावरच्या एका कलाप्रकाराविषयी, म्हणजे भिन्नलिंगी वेष आणि ठसठशीत रंगभूषा करून केलेल्या सादरीकरणाविषयी, सांगतो. ड्रॅग सादर करणारी व्यक्ती पारलिंगी असू शकते, तशी ती नसूही शकते, आणि प्रयोग संपल्यावर रंग पुसून नेहमीच्या पुरुषी कपड्यांत घरी जाणारे कलाकार पुष्कळ आहेत. शिवाय पुरुषवेष घेऊन हाच प्रकार सादर करणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांना इंग्रजीत 'ड्रॅग किंग' म्हणतात. तेव्हा 'तृतीयपंथी' हा शब्द योजला, तर एका कलेविषयीचा प्रश्न एका समाजगटाविषयीचा प्रश्न होऊन बसतो, आणि 'तृतीयपंथीयांना शाळेत येऊ द्यावे का' हा मूळ वाक्यात नसलेला, त्याहून कितीतरी गंभीर प्रश्न आपण विचारून मोकळे होतो.

'ड्रॅग' हा शब्द या अर्थाने इंग्रजी छापील मजकुरात 1870 च्या सुमारास आढळतो. त्याच वर्षी लंडनमध्ये अर्नेस्ट बोल्टन आणि फ्रेडरिक पार्क या दोघांना स्त्रीवेषात वावरल्याबद्दल अटक झाली, आणि त्या खटल्याच्या निमित्ताने हा नाट्यव्यवसायातला बोलीशब्द लोकांच्या कानांवर पडला. जमिनीवर लोळत, फरफटत येणारा लांब झगा हे त्याचे मूळ असावे, असे सामान्यतः मानले जाते. तो 'मुलीसारखा पोशाख केलेला' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, ही हौसेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती मात्र मागाहून रचलेली आहे. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेले विल्यम डॉर्सी स्वान 1880 च्या दशकात वॉशिंग्टन शहरात स्त्रीवेषातल्या पुरुषांचे मेळावे भरवीत आणि स्वतःला 'क्वीन' म्हणवून घेत. 'ड्रॅग' आणि 'क्वीन' यांची जोडी इतकी जुनी आहे.

आता 'स्त्रीपार्टी', म्हणजे नाटकात स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट. हा शब्द मला फार आवडतो, कारण इंग्रजी 'पार्ट'ला मराठी 'ई' जोडून तो इतका बेमालूम घडला आहे की त्यातला परकेपणा आज कोणाला जाणवत नाही. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली. बालगंधर्वांच्या साड्यांची, केशरचनेची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती कला आणि ड्रॅग यांची दिशाच वेगळी आहे. स्त्रीपार्टी नट नाटककाराने लिहिलेल्या भूमिकेत शिरतो, आणि समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावे, हे त्याचे यश असते. ड्रॅगमध्ये ते विसरायचे नसते. अवाढव्य केशटोप, भडक रंगभूषा, हावभावांतली अतिशयोक्ती हे सगळे 'हे सोंग आहे' याची आठवण जागी ठेवण्यासाठी असते, कारण गंमत त्या जाणिवेतच असते. शिवाय ड्रॅग कलाकाराचे पात्र कोणत्याही नाटकातले नसून त्याने स्वतः घडवलेले असते. त्याला स्वतःचे नाव असते, स्वभाव असतो, आणि ते एका प्रयोगातून दुसऱ्या प्रयोगात तसेच चालत येते.

मराठी परंपरेत याच्या अधिक जवळचे पात्र शोधायचे असेल, तर ते संगीत नाटकात नव्हे, तमाशाच्या गवळणीत सापडते. तिथली 'मावशी' पुरुषानेच रंगवायची असते, तो पुरुष आहे हे सगळ्यांना दिसत असते, आणि तिचे मुरडणे, ठसका आणि द्व्यर्थी बोलणे यांवर हशा वसूल होतो. ब्रिटनमधल्या नाताळच्या पँटोमाइममध्ये 'डेम' नावाचे नेमके असेच पात्र असते. 1861 सालच्या 'अलादीन'मध्ये अवतरलेली विडो ट्वँकी ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॅन लेनो या नटाने अशा भूमिकांतून नाव कमावले. पँटोमाइमच्या प्रेक्षागृहात लहान मुले मोठ्या संख्येने असतात. डेमचे चावट विनोद मोठ्यांपर्यंत पोचतात आणि मुलांच्या डोक्यावरून जातात, असा तो अलिखित करार आहे. ड्रॅगचे समर्थक म्हणूनच विचारतात की, डेम चालते तर हे का नको. आणि विरोधक उत्तर देतात की, डेम ही कौटुंबिक रंगभूमीवर वाढली, तर आजचे ड्रॅग रात्रीच्या मद्यालयांतून आणि क्लबांतून, म्हणून दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शब्दाच्या दृष्टीने एवढेच की, 'मावशी' कितीही चपखल असली, तरी शाळेच्या वाक्यात ती नात्यातली मावशीच वाटणार.

उरलेल्या शब्दांपैकी 'नाच्या' हा तमाशातला व्यवसायवाचक शब्द असला, तरी बाहेर तो इतकी वर्षे शिवीसारखा फेकला गेला आहे की, वाक्यात तो आला की निकाल लागलाच. 'सोंगाड्या' थोडा सौम्य आहे, पण 'सोंग' या शब्दाला ढोंगाची छटा चिकटली आहे. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' या म्हणीतही ती आहेच. 'बहुरूपी' याच्या अगदी उलट. तो लोककलेतला, कौतुकाचा शब्द आहे, आणि 'बहुरूपी शाळेत यावा का?' असे विचारल्यास 'यावा की, का नाही?' असे उत्तर विचार करण्यापूर्वीच तोंडातून निघेल. वादविषयाच्या वाक्यातला शब्द एका पक्षाला आधीच झुकते माप देणारा असू नये, या कसोटीवर हे तिन्ही शब्द सारखेच गळतात.

हा केवळ भाषांतरकाराचा पेच आहे असे नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने 2023 मध्ये अल्पवयीनांसमोरच्या अशा प्रयोगांवर बंधने घालणारा कायदा केला. वर्तमानपत्रांत तो 'ड्रॅगबंदी' म्हणूनच गाजला, परंतु कायद्याच्या मजकुरात 'ड्रॅग' हा शब्दच नाही. तिथे 'प्रौढांसाठीचे कॅबरे' या व्याख्येखाली विवस्त्र नृत्य करणाऱ्यांच्या ओळीत 'स्त्रियांचे वा पुरुषांचे सोंग घेणारे' अशा अर्थाचे शब्द घातले आहेत, आणि प्रयोग मुलांना अपायकारक असण्याची अट जोडली आहे. मग साधी गोष्ट वाचून दाखवणारा स्त्रीवेषातला कलाकार यात येतो की नाही? हीच संदिग्धता न्यायालयात गाजली. जून 2023 मध्ये संघीय न्यायाधीशांनी तो कायदा मोघम आणि अतिव्यापक म्हणून घटनाबाह्य ठरवला, आणि जुलै 2024 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, दावा लावणाऱ्या नाट्यसंस्थेला तो लावण्याचा अधिकारच पोचत नाही असे म्हणून तो निर्णय फिरवला. म्हणजे शब्दाचा अर्थ तिथेही अधांतरीच राहिला.

म्हणून माझी शिफारस 'ड्रॅग कलाकार' अशी आहे. पहिल्या उल्लेखात 'भिन्नलिंगी वेष आणि ठसठशीत रंगभूषा करून कार्यक्रम सादर करणारे' असा खुलासा जोडावा आणि पुढे नुसते 'ड्रॅग कलाकार' लिहावे. 'कलाकार' हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालत असल्याने 'क्वीन' आणि 'किंग' दोघेही त्यात सामावतात. अमेरिकेत 2015 साली सॅन फ्रान्सिस्कोत लेखिका मिशेल टी यांनी मुलांसाठी सुरू केलेल्या गोष्टवाचनाच्या उपक्रमाच्या नावात आधी 'ड्रॅग क्वीन' असे शब्द होते. पुढे त्यातून 'क्वीन' गाळले गेले, तेव्हा हा विचार त्यांनाही करावा लागला असे दिसते. लिहिताना 'ड्रॅ'वरचा चंद्र मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावा, कारण तो निसटला की 'ड्रग कलाकार शाळेत' असे छापले जाईल, आणि त्यावर वादविवाद करायला दुसरा पक्षच मिळणार नाही.

'पाहुणे' या शब्दाविषयी थोडक्यात. शाळेच्या संदर्भात मराठी कानाला 'पाहुणे' म्हटले की 'प्रमुख पाहुणे' ऐकू येतात, म्हणजे सन्मान आणि आदर्श म्हणून समोर ठेवणे आले. मूळ इंग्रजी शब्दात एवढा मान नाही. बाहेरून शाळेत येणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. तेव्हा 'पाहुणे' गाळून 'शाळेत बोलावणे' असे क्रियापद योजावे.

आता 'योग्य'. मराठीत हे विशेषण दोन ठिकाणी बसते आणि दोन्हीकडे अर्थ बदलतो. 'असे बोलणे योग्य नाही' यात आपण कृतीविषयी बोलतो; 'तो या कामाला योग्य नाही' यात माणसाची लायकी काढतो. 'योग्य वर', 'योग्य उमेदवार' यांतला 'योग्य' हा पात्रतेचा आहे. त्यामुळे 'ड्रॅग कलाकार योग्य पाहुणे आहेत का?' हे वाक्य मराठीत 'ही माणसे शाळेत पाऊल ठेवण्याच्या लायकीची आहेत का?' असे ऐकू येते. 'उचित' या शब्दाचे तसे नाही. 'उचित वागणूक', 'उचित वेळ' आपण म्हणतो, पण 'उचित माणूस' असे कोणी म्हणत नाही. तो शब्द माणसाला चिकटतच नाही, त्याला कृती किंवा प्रसंगच लागतो.

हा फरक किती खरा आहे, हे फेब्रुवारी 2020 मधल्या एका प्रसंगावरून दिसते. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील एका प्राथमिक शाळेत खासदार म्हेअरी ब्लॅक यांच्यासोबत एक ड्रॅग कलाकार गेले आणि त्यांनी मुलांना गोष्ट वाचून दाखवली. त्यानंतर जो गदारोळ झाला, त्यात आक्षेपाचा मुख्य रोख वाचलेल्या गोष्टीवर नव्हता. कलाकाराच्या रंगमंचीय नावातल्या अश्लील श्लेषावर आणि समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या प्रौढांसाठीच्या मजकुरावर होता. ब्लॅक यांनी भेटीचे समर्थन केले आणि विरोधामागे समलिंगी व्यक्तींविषयीचा द्वेष असल्याचे म्हटले. एक पक्ष 'ही व्यक्ती' म्हणत होता आणि दुसरा 'ही कृती'. एकच विशेषण दोघांनी वापरले, पण विशेष्ये वेगळी होती. मला स्वतःला वाटते की, वर्गात काय सादर होणार, कोणत्या वयाच्या मुलांपुढे आणि पालकांना कळवून की न कळवता, यांवर उत्तर ठरावे, आणि मुलांना शोधता येईल असे कलाकाराचे नाव व काम हाही त्या कृतीचाच भाग धरावा. पालकांनी त्याची चौकशी करणे म्हणजे द्वेष नव्हे. परंतु केवळ वेषावरून कोणाला अपात्र ठरवायचे असेल, तर डेमलाही घरी पाठवावे लागेल.

'औचित्य' हा विचार आपल्या काव्यशास्त्रात क्षेमेंद्राने अकराव्या शतकात मांडला, आणि त्याचा दृष्टान्त योगायोगाने वेषभूषेचाच आहे. गळ्यात कमरपट्टा घातला, कमरेला हार बांधला, हातात नूपुरे चढवली, तर कोणाचे हसे होणार नाही, असे तो विचारतो. त्यात दोष कमरपट्ट्याचा नाही, गळ्याचाही नाही; दोष त्यांच्या जुळणीत आहे. मात्र 'उचित'मध्येही एक फसगत आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ 'सवयीचा' असा आहे. 'सुखोचित' म्हणजे सुखाला सरावलेला. त्यामुळे 'आजवर झालेले नाही' आणि 'होऊ नये' या दोन वेगळ्या गोष्टी या शब्दाच्या आडोशाने एकमेकींत मिसळतात, आणि वादविवादात तसे होताना वरचेवर दिसते. शिक्षणविषयक लेखनात रुळलेला 'वयानुरूप' हा शब्द या दोषापासून मुक्त आहे.

जाता जाता आठवण झाली म्हणून सांगतो. विराटपर्वात बृहन्नडेच्या रूपातल्या अर्जुनाला राजकन्या उत्तरेचा नृत्यगुरू नेमण्यापूर्वी राजाने त्याचे पुरुषत्व नसल्याची खात्री करून घेतली, आणि मगच त्याला मुलींच्या अंतःपुरात धाडले. राजाची चौकशी व्यक्तीविषयी होती, शिकवण्याविषयी नव्हती; आणि ती चुकलीच म्हणायची, कारण समोर अर्जुनच होता.

तेव्हा वाक्य असे करावे: 'ड्रॅग कलाकारांना प्राथमिक शाळेत कार्यक्रमासाठी बोलावणे उचित आहे का?' भर वयावर हवा असेल तर 'ड्रॅग कलाकारांचे कार्यक्रम प्राथमिक शाळेतील मुलांसाठी वयानुरूप आहेत का?' असे विचारावे. 'प्राथमिक'पुढे वयही लिहावे, कारण इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा साधारणपणे चार ते अकरा या वयाची असते, तर भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत जाते, आणि पाच वर्षांचे मूल व तेरा वर्षांचे मूल यांच्याविषयी एकच उत्तर देणे कठीण आहे.

एक प्रश्न वाचकाने विचारलेला नाही, पण पहिल्याच क्रियापदाशी तो उभा राहील: ड्रॅग क्वीन 'आली' की 'आला'? पात्राविषयी लिहिताना स्त्रीलिंग वापरावे, जसे आपण 'मानापमान' नाटकातल्या बालगंधर्वांच्या भूमिकेविषयी 'भामिनी प्रवेश करते' म्हणतो. कलाकाराविषयी लिहिताना आदरार्थी अनेकवचन वापरावे, जसे खुद्द बालगंधर्वांविषयी 'नारायणराव आले'. ज्यांनी स्वतःसाठी स्त्रीलिंगी उल्लेख पसंत असल्याचे सांगितले असेल, त्यांच्याबाबत 'आल्या' लिहावे.