पैसे वसूल व्हावेत म्हणून रात्री अडीचचा गजर

"सगळं काम एजंटच करतात, मग माझी गरज काय?" (एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारे एआय प्रोग्राम.) समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी हल्ली वारंवार ऐकते. कुणी पुण्याच्या कंपनीचं काम लातुरात बसून करतं, कुणी सुट्टीला गावी आलेलं असतं. त्यातल्या एका तरुणाची हकिकत त्याच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

औसा तालुक्यातला मुलगा, सत्ताविशीतला. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली आणि आता घरूनच काम. वडिलांना घेऊन आला तो झोपेची तक्रार सांगायला. झोप लागते, पण रात्री अडीचला उठावं लागतं आणि नंतर डोळ्याला डोळा लागत नाही.

उठावं का लागतं, हे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. 2021 मध्ये गिटहब कोपायलट हा कोड लिहायला मदत करणारा एआय आला, तेव्हा तो टाईप करता करता पुढच्या ओळी सुचवायचा. आता एजंटांची अख्खी टीमच लावता येते. एक मुख्य एजंट काम वाटून देतो, एक कोड लिहितो, दुसरा स्क्रीन बनवतो, तिसरा टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतं का ते पडताळणारे छोटे प्रोग्राम लिहितो, चौथा तपासतो. या मुलाने स्वतःच्या खिशातून महिना 100 डॉलरची योजना घेतली होती, करासकट दहा हजारांच्या घरात. त्यात दर पाच तासांना ठरावीकच वापर करता येतो, शिवाय आठवड्याची मर्यादा वेगळी. टीममधला प्रत्येक एजंट आपल्यापुरतं सगळं पुन्हा वाचून काढतो, त्यामुळे एकाला पुरणारा कोटा चौघांत झपाट्याने संपतो. रात्री साडेनऊला बसलं की अकरापर्यंत खलास, आणि नवा उघडायचा अडीचला. म्हणून गजर. "मॅडम, पैसे भरलेत. वाया कशाला घालवायचे?"

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आमी बी रातच्याला उठत होतो, मॅडम. लाईट रातचीच राहायची, मोटार चालू करायला जावं लागायचं. पर पाणी दिलं की पिकाला दिसायचं. ह्याला काय दिसतंय, ते ह्यालाच सांगता येईना."

मुलगा एकदम ओशाळला. मी तो धागा सोडला नाही. उठून हाती काय येतं, हेच मी त्याला विचारलं.

तेव्हा त्याने पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगितली. मुदत ठेवीवरच्या व्याजाचा हिशेब करणारा भाग एजंटांनी रात्रीतून लिहिला. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास दिसत होत्या, म्हणून सकाळी त्याने काम पुढे पाठवून दिलं. बैठकीत सिनिअरने विचारलं, "ही अपेक्षित रक्कम का बदलली?" त्याला काहीच सांगता येईना. झालं होतं असं, की हिशेब चुकत होता, टेस्ट नापास होत होती आणि एजंटाने हिशेब दुरुस्त करण्याऐवजी टेस्टमधली रक्कमच चुकीच्या उत्तराला जुळवून टाकली होती. रात्री एजंटांनी परवानगीसाठी विचारलेले सगळे प्रश्न याने न वाचता एंटर दाबून पुढे घालवले होते. "मी प्रोग्रामर राहिलोच नाही, मॅडम. नुसता एंटर दाबणारा." हे सांगताना त्याचा आवाज कापत होता.

मी अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या अंगाने काम करते. त्यात घटना, तिच्याविषयीचा समज आणि त्यातून येणारी भावना वेगवेगळी करून बघतात. घटना एवढीच होती, की न वाचता काम पुढे गेलं आणि प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. "मला आता काहीच येत नाही" हा समज होता. तो तपासायला मी त्याला सिनिअरने दाखवलेली चूक एजंटांशिवाय, स्वतः दुरुस्त करायला सांगितली. त्याने एका दुपारी ती केली. येत होतं त्याला, फक्त हात लावणं सुटलं होतं.

दुसरा समज जास्त चिवट होता: एजंट जितके जास्त, तितकं काम जास्त. इथे मी त्याला एमईटीआर या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये केलेला प्रयोग सांगितला. 16 अनुभवी प्रोग्रामर, आपल्याच नेहमीच्या प्रकल्पांतली 246 कामं. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र काम 20 टक्के लवकर झालं असं वाटत होतं. साधनं त्यानंतर बरीच सुधारली आहेत, त्यामुळे मी त्या आकड्यावर जोर दिला नाही. वाटणं आणि असणं यांत एवढा फरक पडू शकतो, एवढंच मला त्याला दाखवायचं होतं. मग आम्ही वही केली. काम कोणतं, किती वेळात होईल असं वाटलं आणि एजंटांचं वाचून, दुरुस्त करून शेवटी किती लागला. वहीत चित्र एकसारखं आलं नाही. टेस्टचा सांगाडा उभा करणं, जुन्या कोडमध्ये एखादी गोष्ट कुठे आहे ते शोधणं, यात एजंटांनी खरंच तास वाचवले होते. व्याजासारखे नियम असलेल्या कामात चौघांची टीम लावली, की वाचण्यातच दिवस जात होता.

गजर बंद करणं सगळ्यांत अवघड गेलं. महिन्याचे पैसे तर भरून झालेले असतात. कोटा वापरला नाही म्हणून ते परत मिळत नाहीत आणि रात्री उठून वापरला म्हणूनही परत मिळत नाहीत. हे त्याला पटायला वेळ लागला, कारण अन्न टाकायचं नाही, पैसा वाया घालवायचा नाही, हे आपल्याकडे घरोघरी लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं आणि ते वाईटही नाही. आम्ही ठरवलं: रात्री अकरानंतर लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, एका वेळी दोनच एजंट, आणि जे आपल्याला आपल्या शब्दांत समजावून सांगता येत नाही ते पुढे पाठवायचं नाही.

"माझी नोकरी राहील ना?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं नाही. असा दिलासा देणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण तो पहिल्याच कपातीच्या बातमीला मोडतो आणि मग माणूस आपल्यावरही विश्वास ठेवत नाही. व्याजाचा आकडा चुकला तर पतसंस्थेला उत्तर माणसालाच द्यावं लागतं, आणि ते देता येणं ही त्याच्या हातातली गोष्ट आहे, एवढंच मी म्हणाले.

झोप आधी सुधारली. पुढे त्याने स्वतःहून 20 डॉलरची योजना घेतली आणि टीम लीडकडे तपासणीसाठी वेगळा वेळ मागितला. तो मागितला तेवढा मिळाला नाही, थोडा मिळाला. नोकरीची भीती अजून आहे, तो अधूनमधून तिच्याबद्दल बोलायला येतो.

तुमचंही असंच चाललं असेल तर आधी गजर बंद करा आणि आठवडाभर वही ठेवा. तरीही झोप येत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीच्या भरवशावर बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि रात्री अडीचलाही फोन उचलला जातो.