शिंपल्याचा तुकडा आणि पेनाची गोलाई

प्रिय विद्यार्थी,

अनेक आशीर्वाद. लाकडी पेनात शिंपला जडवून झाडाचे पान साकारण्याचा तुझा आराखडा देखणा आहे. परंतु 7 मिलिमीटर रुंदीचे ते पान पेनाच्या अंगावर अखंड बसणार नाही.

शिंपल्याचा तुकडा सपाट असतो आणि पेन गोल. 12 मिलिमीटर व्यासाच्या पेनात 3 मिलिमीटर रुंदीचा तुकडा जडवून तो लेथवर (वस्तू फिरवत ठेवून घडवण्याच्या यंत्रावर) गोलाईत आणला, तर त्याच्या कडांची जाडी सुमारे 0.2 मिलिमीटरने कमी होते. 5 मिलिमीटर रुंदीला ही घट 0.55 च्या आसपास जाते आणि 7 मिलिमीटरला 1.1 च्या पुढे. तू 1 मिलिमीटर जाडीचा शिंपला घेतला आहेस, म्हणजे घासून होईपर्यंत पानाच्या कडा उरणारच नाहीत. तेव्हा पान शिरेवर उभे दुभंगून दोन अरुंद तुकडे कर, प्रत्येकासाठी वेगळा कोन साधून खाच कोर आणि मधली फट शीर म्हणून राहू दे. अॅबलोन या समुद्री गोगलगायीच्या झळाळत्या कवचाचे कागदासारखे पातळ पत्रे या कामी घेऊ नकोस. त्यांना घासण्याइतकी जाडीच नसते.

तुकडे सोनाराच्या बारीक करवतीने, पात्यावर जोर न देता काप. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, त्यामुळे तुकडा ओला ठेवावा आणि धूळ रोखणारा चांगला मास्क लावावा. कापडी रुमालावर भागवलेले मला चालणार नाही. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने व्हिनेगरसारख्या आम्लाने तो कधीही पुसू नये.

खाचेभोवतीच्या लाकडाला आधी पातळ सुपरग्लूचा हात दे, नाहीतर तुकडे चिकटवायचे काळे रंगवलेले इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारा डिंक) लाकडाच्या रंध्रांत शिरून डाग पडतात आणि ते डाग पुढे कितीही घासले तरी जात नाहीत. इपॉक्सी काळेच वापर, कारण पातळ शिंपल्यातून खालचे लाकूड झिरपल्यासारखे दिसते आणि रंगांची झळाळी मारली जाते; शिवाय सांध्यातली फट त्यात लपते. (ती लपते म्हणून खाच ढिली कोरण्याची सवलत मात्र घेऊ नये.)

इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावरच पेन लेथवर चढव. शिंपला लाकडापेक्षा कठीण असल्याने नुसत्या बोटांनी धरलेला पॉलिश पेपर भोवतीचे लाकूड आधी खातो आणि तुकडा उंचवट्यासारखा वर राहतो. पेपरामागे लाकडाची सपाट पट्टी धर आणि पेन हाताला गरम लागताच थांब.

दुभंगलेल्या पानाचा नवा आराखडा मापांसह पाठव. खाचांचे कोन पाहून मगच शिंपला कापायला घे.

तुझा हितचिंतक