नागपुरातले होले खरंच कमी झालेत का?

तुम्ही विचारलंय, लहानपणी अंगणात रोज दिसणारे होले, म्हणजे कबुतराच्या कुळातले ते छोटे पक्षी, आता दिसत नाहीत, पारवे मात्र प्रत्येक छज्जावर बसलेले, मग होले घटले का? पारव्यांचं तुम्ही म्हणता ते देशभरच्या नोंदींशी जुळतं. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात वाढलेल्या पक्ष्यांमध्ये पारवा आहे.

होल्यांबाबत मात्र आधी सांगा, कोणता होला? आपल्याकडे नेहमी दिसणारे चार आहेत. छोटा तपकिरी, मानेमागे पांढऱ्या ठिपक्यांची शाल असलेला ठिपकेवाला, मानेवर काळी अर्धी कडी असलेला पठाणी आणि लाल. ठिपकेवाल्याला झाडी हवी, पठाणीला मोकळी कोरडी शेतं. गल्लीतली कडुनिंब, आंबे तुटले की ठिपकेवाला तिथून जातो, पण तेवढ्यावरून तो अख्ख्या नागपुरातून गेला असं होत नाही.

नाव कळणं किती गरजेचं आहे, ते युरोपात दिसतं. पठाणी होला विसाव्या शतकात तुर्कस्तान-बाल्कनकडून पसरत गेला आणि १९५५ मध्ये इंग्लंडात त्याची पहिली वीण झाली. त्याच इंग्लंडात टर्टल डव्ह हा दुसरा होला १९६० च्या दशकापासून ९५ टक्क्यांहून जास्त घटला. त्याचं पोट तणाच्या बियांवर. शेतं तणमुक्त झाली तशा त्याच्या विणी कमी झाल्या, वर स्थलांतराच्या वाटेवर शिकार. २०२१ पासून काही वर्षं फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालनं शिकार थांबवली, तेव्हा पश्चिम युरोपातली त्याची संख्या पुन्हा वाढू लागली. दोघांना नुसतं ‘होला’ म्हणून एकत्र मोजलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

मला काळजी वाटते ती शेतातल्या होल्यांची. विदर्भात ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, निंदणाची जागा बऱ्याच ठिकाणी तणनाशकानं घेतली. काटोलकडे ज्वारीच्या खळ्यावर मी होल्यांचे थवे बघितलेत. पण तेव्हा वहीत मोजून लिहिले नाहीत, नवलाचे पक्षी तेवढे लिहिले. आज तुलना करायला माझ्याकडे आकडा नाही, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही आजपासूनच मोजा. अंबाझरी तलाव असो की घराची गच्ची, जागा आणि वेळ ठरलेली ठेवा, १५ मिनिटं थांबा आणि दिसले-ऐकले ते सगळे पक्षी संख्येसह ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, चिमण्या-कावळेसुद्धा. ‘यादी पूर्ण आहे’ हा पर्याय निवडायला विसरू नका. मग ज्या दिवशी होला दिसणार नाही, त्या दिवशीची यादीही मोजणीत धरली जाते.