सतत ऑनलाइन राहिल्याने ताण खरंच वाढतो का?

वाढतो, पण दोष नुसत्या स्क्रीनच्या तासांचा नाही. जास्त छळते ती 'काही आलं असेल का?' ही टांगती अवस्था. फोन वाजला नाही तरी कान तिकडेच. काम अर्धवट सोडून मेसेज वाचला की परतल्यावरही मन तिथेच घुटमळतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. १२४ जणांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल उघडायचं, एक आठवडा हवं तितक्यांदा. तीनदाच्या आठवड्यात ताण कमी निघाला. (मोह आवरणं मात्र बहुतेकांना जडच गेलं!)

फोन फेकून देऊ नका, जिवलगांशी बोलून उलट बरंच वाटतं. नोटिफिकेशन तेवढी बंद करा, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.